तळ्यात की मळ्यात

गेल्या चैत्रात एका वाचक भगिनींचे पोस्टकार्ड आले. मजकूर एवढाच होता : "तुम्ही मांजरांवर लिहिता, कुत्र्यांवर लिहिता, चाकाखाली सापडलेल्या बेडकावरसुद्धा गहिवरून लिहिता. तुम्ही ढेकूण मारता की नाही, ते एकदा कळवावे."

या सदरामुळे मला पत्रे बरीच येतात. मांजराला जंत झाले तर काय द्यावे, कुत्रे चपला पळवते त्यावर उपाय काय, पोपटाला बोलायला कसे शिकवावे. (आपला रानचा पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, हे मी दर वेळी कळवतो. त्यावर उलट टपाली कोणी आभार मानत नाही.) पण असे नेमके वर्मावर बोट ठेवणारे कार्ड पहिलेच. मी ते पंचांगात खुणेला घातले आणि उत्तर पुढे ढकलले. उन्हाळा सरला, पाऊस आला, आणि पावसाबरोबर जे घडायचे ते घडले. दिवाळी अंकासाठी संपादकांचे तगाद्याचे पत्र आले तेव्हा पंचांग उघडले, तो कार्ड तिथेच. भगिनींची क्षमा मागून आता उत्तर देतो.

मारतो. ढेकूण मारतो, डास मारतो, झुरळ दिसले की चप्पल शोधतो. एवढेच, की चप्पल सापडेपर्यंत झुरळाने निघून जावे अशी मनातल्या मनात प्रार्थना चालू असते.

आमचे गाव तळा. "आम्ही तळ्यात राहतो" म्हटले की मुंबईचे पाहुणे हसतात आणि "मग मळ्यात कोण राहतं?" म्हणून विचारतात. चाळीस वर्षे मी हा विनोद ऐकत आलो आहे आणि दर वेळी हसत आलो आहे. पाहुण्यांशी असेच वागावे लागते. गाव इंदापूरहून आत वळल्यावर लागते. डोक्यावर तळगड. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांकडे जे बारा किल्ले राहिले त्यांतला हा एक. १९९९ साली गाव तालुक्याचे ठिकाण झाले, तेव्हापासून कचेऱ्या आल्या, मोटारी वाढल्या. आमच्या आळीत मात्र अजून कौलारू घरे आहेत आणि त्यांतले एक आमचे. मागे परसात विहीर, विहिरीशी दगडी डोण, दोन आंबे, एक फणस, पाच माड. घरात आम्ही दोघे, खंड्या नावाचा कुत्रा, मनी आणि मनीची प्रजा. शिवाय न बोलावता आलेले. त्यांची मोजदाद मी कधी केली नाही. जगात किड्यांच्या सुमारे दहा लाख जाती माणसाने नोंदल्या आहेत. त्यांतल्या निम्म्या आमच्या माजघरात असाव्यात, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे.

"तुम्ही माणसं सोडून सगळ्यांवर प्रेम करता," असेही त्या म्हणतात. ते खरे नाही. पण त्यांच्यापुढे मी वाद घालत नाही, कारण त्यांच्या हातात केरसुणी असते आणि माझ्या हातात पुरावा नसतो.

आता माझा कायदा कसा चालतो पाहा. लिंबाच्या झाडावर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या होतात आणि कोवळी पालवी फस्त करतात. त्यांना हात लावू देत नाही, कारण पुढे त्यांची फुलपाखरे होतात आणि ती मला आवडतात. कोबीच्या पानात अळी निघाली तर ती मात्र नखाने उडवतो. तिचेही पाखरूच होते. पण ते मातकट रंगाचे, नाव घेण्यासारखे नसते. म्हणजे माझ्या दरबारात रूपावर माफी मिळते. पालीला तर मी सरकारी नोकरीच दिली आहे. दिव्याखाली बसून ती जे करते ते मला करावे लागत नाही, म्हणून तिचे कौतुक. खाटकाला शेजार द्यावा आणि स्वतः माळ ओढीत बसावे, त्यातलाच हा प्रकार.

गोचिडीच्या बाबतीत तर माळही हातात राहत नाही. खंड्या पावसाळ्यात रानातून फिरून आला की कानाच्या पाळीखाली शेंगदाण्याएवढ्या टपोऱ्या गोचिडी लटकत असतात. (मी शाळामास्तर होतो, तेव्हा राहवत नाही म्हणून सांगतो : गोचीड हा किडा नव्हे. तिला आठ पाय असतात. ती कोळ्याविंचवाच्या गोतातली.) ओटीवर खंड्याचे डोके मांडीवर घ्यायचे, चिमट्याने एकेक गोचीड उपटायची आणि रॉकेलच्या वाटीत टाकायची. खंड्या कृतज्ञतेने हात चाटतो. मी त्या वाटीत पाहत नाही. एका जिवावर माया करायची म्हणजे दुसऱ्याची वाटी भरायची, हे मला त्या ओटीवर पुष्कळदा जाणवले आहे आणि पुढची गोचीड दिसेपर्यंतच टिकले आहे.

वाळवीचे प्रकरण तर दोन ओळींत आटोपतो, कारण त्यात माझी बाजू लंगडी आहे. माळ्यावर मी जुने दिवाळी अंक बांधून ठेवले होते. भिंतीवरून मातीची बारीक नळी चढताना दिसत होती. मी रोज ती बघायचो, किती बोटे वाढली ते मोजायचो आणि आंधळ्या जिवांच्या उद्योगाचे कौतुक करायचो. गठ्ठे उतरवले तेव्हा वरचे पुठ्ठे तेवढे शाबूत होते. माझा छापून आलेला पहिला लेख त्यांत होता. संपादकांपेक्षा वाळवीला तो अधिक पचला, एवढे समाधान मानले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन औषध घेऊन आलो.

या असल्या दुटप्पी वागण्याला आधार शोधायची माणसाला खोड असते. माझा आधार कुड्याला आहे. तळ्याहून राजपुरीच्या खाडीकडे गेले की कुड्याची लेणी लागतात. शाळेत होतो तेव्हा दर साल मुलांना घेऊन जायचो. डोंगराच्या अंगाला कोरलेल्या त्या खोल्या, आत झोपायला दगडी ओटे, समोर खाली खाडीचे पाणी. दोन हजार वर्षांमागे बौद्ध भिक्षू तिथे पावसाळा काढीत. पावसाळाच का, तर विनयपिटकात त्याचे कारण दिलेले आहे : पावसात भिक्षू हिंडू लागले तर कोवळे गवत तुडवले जाते, लहान लहान जीव पायाखाली मरतात, म्हणून लोकांनी नावे ठेवली, पाखरेसुद्धा पावसात घरटे करून राहतात, यांना काय झाले? तेव्हा बुद्धाने तीन महिने एका जागी राहण्याचा नियम केला. भिक्षूच्या मोजक्या चीजवस्तूंत पाणी गाळायचे फडकेही असे, पाण्यातला जीव पोटात जाऊ नये म्हणून.

आमच्याकडे आषाढात वाटेवर पाऊल टाकावे तर खाली काहीतरी असतेच : गोगलगाय, पैसा, गांडूळ, वाणी. त्यामुळे हा नियम कोकणात आल्यावर भिक्षूंना किती मनापासून पटला असेल, याची मला कल्पना आहे. पण कुड्याला गेलो की माझी नजर शिलालेखांकडे जाते. ही लेणी कोरायला पैसे कोणी दिले ते त्यांत लिहिलेले आहे. महाभोज घराण्यातली मंडळी आहेत, लोखंडाचा एक व्यापारी आहे, एक वैद्य आहे आणि एक माळी आहे. माळी! ज्याचा सगळा दिवस फुलांवरची कीड वेचण्यात जायचा, त्याने पै पै साठवून दान दिले, कशासाठी, तर दुसऱ्या कोणालातरी पावसाचे तीन महिने मुंगीलाही न दुखवता बसता यावे म्हणून. मुलांना मी हे सांगायचो तेव्हा एकदा एक पोरगा म्हणाला, "म्हंजे गुरुजी, पाप माळ्याचं नि पुण्य त्यांचं?" मी त्याला रांगेत उभे राहायला सांगितले. उत्तर येत नसले की आम्ही मास्तर लोक रांग लावतो.

दुसऱ्या टोकाची गोष्ट सुरतेची. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज पाद्री तिथे राहून गेला. सुरतेतल्या व्याप्यांनी, म्हणजे वाण्याबनियांनी, जनावरांसाठी इस्पितळ काढले होते, त्याबद्दल त्याने लिहिले आहे. ढेकूण-पिसवांसाठीही तिथे वेगळी सोय होती म्हणे. एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर बाजेवर निजवीत, म्हणजे त्या पाहुण्यांचे जेवण व्हावे. पाद्रीबुवांना गंमत वाटली असणार. मला त्या बाजेवरच्या माणसाचे कुतूहल वाटते. रात्री किती वाजता त्याला भूतदयेचा कंटाळा येत असेल?

आता करवंट्यांकडे येतो. इतका वेळ मी त्यांच्या भोवती फिरत होतो, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

मार्च-एप्रिलात विहिरीचे पाणी खाली जाते आणि परसातले पक्षी चोची उघड्या टाकून बसतात. म्हणून मी अकरा करवंट्या घासून, त्यांना भोके पाडून, काथ्याने झाडांना टांगल्या. दोन आंब्यांना मिळून सहा, फणसाला तीन, कुंपणाच्या शेवग्याला दोन. सकाळी तांब्या घेऊन फेरी मारायची आणि भरायच्या. बुलबुल आले, दयाळ आला, शिंजीर तर काठावर बसून आंघोळ करू लागला. शेजारची सात वर्षांची पोर रोज माझ्यामागून फिरायची. तिला मी आजोबा. तिच्या आईवडिलांना मीच शिकवले, त्यांना अजून गुरुजी.

जूनमध्ये पाऊस लागला. करवंट्या उतरवायला हव्या होत्या. पण पाऊस त्या आयत्याच भरत होता, आणि उतरवल्या तर शिंजिराला वाईट वाटेल असे मला वाटले. वाईट त्याला वाटणार नव्हते. त्याला आता पाण्याला तोटा नव्हता. वाईट मला वाटणार होते.

जुलैत एक दिवस ती पोर हाका मारीत आली. फणसाच्या करवंटीत काहीतरी वळवळत होते. मी चष्मा लावून पाहिले आणि मला मोठा आनंद झाला. शाळा सुटली तरी मास्तरकी सुटत नाही. करवंटी खाली घेतली, ओटीवर ठेवली आणि पाठ सुरू केला. बघ, ही डासाची अळी. डोके खाली, शेपूट वर. शेपटाशी नळी असते, तिने ती हवा घेते. टिचकी मारली की कशा सगळ्या तळाला पळतात! आणि ही स्वल्पविरामासारखी आहे ना, तो कोश. पोर करवंटीवर ओणवी होऊन तासभर बसली. त्याच आठवड्यात मी तिला खिडकीच्या चौकटीवरचे कुंभारीण माशीचे मातीचे घरही फोडून दाखवले होते. भ्रमरकीटक न्याय आपण लहानपणापासून ऐकतो : माशी अळीला घरात कोंडते, अळी ध्यास घेते आणि माशी होऊन बाहेर पडते. खरे असे, की आत कोंडलेल्या हिरव्या अळ्या लुळ्या केलेल्या, पण जिवंत असतात आणि माशीचे पिलू त्या खात खात वाढते. पोरीने विचारले होते, "मग ती आई वाईट आहे का, आजोबा?" मी म्हणालो, "नाही ग, ती आई आहे." स्वतःच्या उत्तरावर मी दिवसभर खूष होतो.

पाठ संपल्यावर तिने विचारले, "या मोठ्या होऊन काय करतात?" मी म्हणालो, "उडून जातात." आणि करवंटी परत फणसाला टांगली.

श्रावणात पोर तापाने फणफणली. अंग दुखते, डोळे दुखतात म्हणून रडू लागली. चौथ्या दिवशी ताप उतरला, म्हणून आम्ही सगळ्यांनी हुश्श केले. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा घोर सुरू होतो, हे आम्हांला कुठे ठाऊक होते? संध्याकाळी ती हाकेला ओ देईना. रात्री रिक्षा करून तिला माणगावला नेले. रक्त तपासले, त्यातल्या प्लेटलेट घसरलेल्या. सलाईन लागले. तिचा बाप दवाखान्याच्या पायरीवर बसून होता, आणि मी त्याच्या शेजारी. तो मधूनच म्हणे, "गुरुजी, तुमी घरी जा, दमलाव." मी गेलो नाही. माझ्या डोक्यात तोवर करवंट्या आल्या नव्हत्या. आल्या असत्या तर बहुधा गेलो असतो.

तिसऱ्या दिवशी आळीत घरोघर तपासणी झाली. आमच्या भागातल्या आशाताई माझ्याच विद्यार्थिनी. पाढ्यांत कच्ची होती, म्हणून मी तिला कितीदा तरी बाकावर उभी केली होती. पिंपे पाहिली, माठ पाहिला, फ्रिजच्या मागचा ट्रे पाहिला. सौभाग्यवतींच्या राज्यात कुठे थेंब सापडला नाही. मग ती परसात गेली आणि पाच मिनिटांनी दोन्ही हातांत एकेक करवंटी घेऊन आली.

"गुरुजी, हे काय?"

"पक्ष्यांसाठी," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. करवंटी पायरीवर टेकवून तिने टिचकी मारली. सगळ्या तळाला पळाल्या.

मग तिने मला शांतपणे समजावले. हा डास गटारात होत नाही, स्वच्छ पाण्यात होतो. दिवसा चावतो. अंडे घातल्यापासून आठ-दहा दिवसांत उडतो आणि फार लांब जात नाही, शे-दोनशे मीटरच्या आतबाहेर आयुष्य काढतो. अंडी पाण्यात नसतात, कडेला चिकटलेली असतात. पाणी नुसते ओतून भागत नाही, भांडे घासावे लागते. कोरडी पडली तरी ती महिने न् महिने टिकतात आणि पाणी लागले की फुटतात. मी मान हलवीत होतो. पाढे चुकलेला मुलगा हलवतो तशी.

शे-दोनशे मीटर. आमच्या फणसापासून शेजारची पडवी तीस पावलांवर आहे.

तो डास माझ्याच करवंटीतला होता, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. तो शाळेतला असेल, बाजारातल्या टायरांतला असेल. नव्हता, असेही मला कोणी सिद्ध करून देणार नाही, आणि मी तेवढ्यासाठी बरेच दिवस मनात वकील लावले होते.

त्या रात्री मला आईची आठवण झाली. मी दुसरी-तिसरीत असताना फवारणीवाले यायचे. देशात हिवताप निर्मूलनाची मोहीम १९५८ साली सुरू झाली होती. खांद्याला पंप, अंगावर खाकी कपडे. आया-बायांनी धान्याच्या कणग्या झाकायच्या, देव्हाऱ्यावर फडके टाकायचे. भिंती डी. डी. टी.ने पांढऱ्या व्हायच्या आणि जाताना ते दारावर तारीख लिहून जायचे. पहिल्या वर्षी ढेकूणही मेले, म्हणून त्यांना चहा मिळाला. पुढे ढेकणांना त्याची सवय झाली आणि चहा बंद झाला. मास्तर झाल्यावर मी रेचेल कार्सनबाईंच्या १९६२ सालच्या पुस्तकाबद्दल वाचले : फवाऱ्याने किडे मेले, किडे खाऊन पाखरे मेली, वसंतात झाडे मुकी झाली. अमेरिकेने १९७२ साली डी. डी. टी.चा बहुतेक वापर बंद केला. मी ही बातमी विजयी मुद्रेने आईला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडीत होती. वर न पाहता म्हणाली, "तुझ्या आधी एक होता. तो फवाऱ्याच्या आधीचा."

मला भाऊ होता, हे तोवर कोणी सांगितले नव्हते. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दर साल सुमारे ७.५ कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि सुमारे ८ लाख माणसे दगावायची, असा अंदाज आहे. १९६५ पर्यंत रुग्णांचा आकडा लाखभरावर आला. मग डास औषधाला सरावले, माणसे सुस्तावली, आणि १९७६ साली तो ६४ लाखांवर गेला. हे आकडे मला पाठ आहेत, कारण आईच्या त्या वाक्यानंतर मी ते मुद्दाम शोधून काढले. त्यांतला एक आमचा. आणि कार्सनबाईंचेही खोटे नव्हते. पाखरे खरोखर मेली होती. दोन्ही बाजूंची माणसे खरे बोलत असली की मधे उभ्या असलेल्याचे फार हाल होतात. तळ्यात म्हणावे की मळ्यात?

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराही करवंट्या उतरवल्या. पाणी तापलेल्या जमिनीवर ओतायचे, असे आशाताईंनी सांगितले होते. श्रावणात तापलेली जमीन कुठून आणायची? मी चुलीतली राख काढून तिच्यावर ओतले. करवंट्या बंबात घातल्या. करवंटीला जाळ चांगला येतो. आंघोळीला पाणी कढत निघाले, आणि मी ते तसेच घेतले.

विहिरीत आणि डोणीत गप्पी मासे सोडले. आरोग्यखात्याची माणसे ते देतात. बोटाच्या पेराएवढा जीव, पण दिवसाकाठी पुष्कळ अळ्या गट्ट करतो. मला हा तोडगा पहिल्यांदा फार सात्त्विक वाटला होता. मग ध्यानात आले की ही पालीचीच नोकरी, पाण्यातली. आफ्रिकेत लांबारेन्याला इस्पितळ चालवणारे डॉ. श्वाइट्झर, ज्यांना १९५२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि ज्यांनी जीवमात्राविषयीचा आदर हेच आपले तत्त्व मानले, त्यांनाही हेच कोडे पडले होते. मासे खाणाऱ्या एका शिकारी पक्ष्याचे पिलू त्यांनी सोडवून आणले. आता ते जगवायचे तर रोज त्याच्यासाठी लहान मासे मारणे आले. कोणाला मारायचे याची जबाबदारी रोज आपल्यावर येऊन पडते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. एवढ्या मोठ्या माणसाला ते सुटले नाही, हे वाचून मला धीर यायला हवा होता. आला नाही.

पोर सहाव्या दिवशी घरी आली. गालफडे बसली होती, डोळे मोठे दिसत होते. मी दोन दिवस तिच्याकडे गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी हातात शहाळे दिले आणि म्हणाल्या, "जा. आणि सांगून या." काय सांगायचे ते त्यांनी सांगितले नाही.

पोरीची आई पडवीत भात पाखडत होती. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले : करवंट्या, अळ्या, आशाताई. टिचकी मारून दाखवले होते, तेही सांगितले. ती सूप थांबवून ऐकत राहिली. मला वाटले, आता बोलेल; बोलावे, असेही वाटले. शेवटी ती म्हणाली, "गुरुजी, मच्छर काय तुमचं नाव सांगून चावला?" आणि पुन्हा पाखडू लागली. थोड्या वेळाने, सुपाकडे बघतच, "पण पोरीला परत तसलं काय दाखवू नका," म्हणाली.

मी बरे म्हणालो.

पण पोरीनेच ते पाळले नाही. भाद्रपदात अंगात जीव आल्यावर ती परसात आली आणि रिकाम्या फणसाकडे बघून रुसली. शिंजिराचे काय? आता फक्त एक मातीची पसरट परळ आहे, आंब्याच्या बुंध्याशी दगडावर ठेवलेली. पाणी रोज बदलायचे, आणि शुक्रवारी कोरडा दिवस. म्हणजे परळ काथ्याने घासून, उपडी घालून संध्याकाळपर्यंत वाळवायची. हे काम तिने आपणहून अंगावर घेतले आहे. आईला विचारून आलीस का, एवढे मी दर शुक्रवारी विचारतो. ती दर शुक्रवारी हो म्हणते.

आता दिवाळी चार दिवसांवर आली. भात कापणीला आले आहे, आणि संध्याकाळी दिवा लावला की शेतातले हिरवे तुडतुडे त्याच्यावर झडप घालतात. सकाळी ओटीवर त्यांचा सडा पडलेला असतो. पणत्यांची रांग लावली की त्यांचे काय होणार, ते मला माहीत आहे आणि भाताचे काय व्हायचे टळणार, तेही. सौभाग्यवतींनी नरकचतुर्दशीसाठी कुंपणावरची कारिटे काढून आणली आहेत. अंगठ्याखाली ते फुटते तेव्हाचा आवाज लहानपणी मला फार आवडायचा.

भगिनींना उत्तर लिहायला बसलो तो शुक्रवार होता. खंड्याचे डोके माझ्या मांडीवर, वाटी बाजूला. पोर परळ घेऊन आंब्याखाली ओणवी बसली होती.

"आजोबा, दोन आहेत," तिने सांगितले. "शेपूट वर करून. काय करू?"

"ओत," मी म्हणालो, आणि खंड्याचा दुसरा कान उलटून पाहू लागलो.